बंगळुरूपेक्षा जरा लांब

मुंबईच्या विमानतळापासून कराचीचा विमानतळ सुमारे ८७५ किलोमीटरवर आहे. बंगळुरूचा सुमारे ८३५ किलोमीटरवर. म्हणजे कराची बंगळुरूपेक्षा चाळीसएक किलोमीटरच लांब, दादर ते कल्याण एवढंच. दिल्लीचा आकडा १,१४० च्या घरात जातो, म्हणजे देशाच्या राजधानीपेक्षा कराची आम्हा मुंबईकरांना बरीच जवळ. पार्ल्यात राहणाऱ्या माणसाला विमानांची सवय असते, बोलता बोलता आवाज आला की आपण वाक्य अर्धवट थांबवतो आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करतो. एवढी वर्षं त्या आवाजाखाली काढूनही हा आकडा मला कधी सुचला नव्हता. भूगोलाच्या पुस्तकात कराची 'परदेशात' होती आणि परदेश म्हटला की तो लांबच असतो, असं डोक्यात बसलेलं.

अंतर मोजायची रीत सोपी आहे. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला बिंदू असतो, बहुतेकदा धावपट्ट्यांच्या मध्याजवळचा, आणि त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृत कागदपत्रांत नोंदलेले असतात. अशा दोन बिंदूंना जोडणारी पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट म्हणजे ग्रेट सर्कल. न्यूयॉर्कसारख्या लांबच्या गावाला जाताना ही वाट सपाट नकाशावर धनुष्यासारखी वाकलेली दिसते. मुंबई-कराची एवढी जवळ आहेत की तिथे साधी पट्टी ठेवून रेघ मारली तरी चालतं. वैमानिकांच्या भाषेत हे अंतर ४७२ नॉटिकल मैल, एक नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा. उड्डाणाचा वेळही हिशेबाने निघतो. ताशी आठशे किलोमीटर धरायचे, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास घालायचा. उत्तर येतं १ तास ३६ मिनिटं. अंतरं सांगणाऱ्या संगणकाला दोन बिंदू दिले की तो हे उत्तर बिनतक्रार काढून देतो. या मार्गावर थेट विमानच नाही, हे त्याला विचारायचं कारण नसतं.

ती रेघ एकदा मारून बघावी. सांताक्रूझहून निघाली की वर्सोव्याच्या बाजूने समुद्रात शिरते, खंभातच्या आखाताचं तोंड ओलांडते, जाफराबादजवळ सौराष्ट्राला टेकते आणि गीरच्या जंगलावरून जाते. जामनगर उजव्या हाताला ठेवून कच्छचं आखात पार करते. मांडवीजवळ पुन्हा जमीन. मग अबडासा तालुक्यातली गावं, मग सर क्रीक. ही सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी, जिच्या मालकीवरून दोन्ही देशांचं अजून एकमत नाही. तिच्यापलीकडे सिंधूचा त्रिभुज प्रदेश आणि शेवटी कराची. रेघेचा निम्म्याहून जास्त भाग गुजरातेवरून आणि त्याला लागून असलेल्या पाण्यावरून जातो. प्रत्यक्षात पाकिस्तानची जमीन अगदी शेवटी लागते.

एके काळी ही दोन शहरं एकाच इलाख्यात होती. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला आणि तो १९३६ पर्यंत तसाच राहिला. जवळपास नव्वद वर्षं कराचीच्या फायली मुंबईला यायच्या आणि मुंबईचे कारकून, मास्तर, इंजिनिअर बदली होऊन कराचीला जायचे. त्यात मराठी माणसं भरपूर. नारायण जगन्नाथ वैद्य हे त्यांतले शिक्षणखात्यातले अधिकारी. १८५५ मध्ये कराचीत निघालेल्या सिंधमधल्या पहिल्या सरकारी शाळेला त्यांचं नाव आहे आणि ती नारायण जगन्नाथ शाळा आजही चालू आहे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहायच्या, त्यांचा जन्म कराचीचा. भाऊ याच शाळेत शिकलेले. फाळणीत सगळं कुटुंब बोटीने मुंबईला आलं. कराचीबद्दल त्या फार हळवं वगैरे बोलायच्या नाहीत. एकदा मुसळधार पावसात मी भिजून आलो तेव्हा म्हणाल्या, "आमच्याकडे छत्री नव्हतीच रे घरात. पहिली छत्री मुंबईला आल्यावर घेतली आमच्या बाबांनी, आणि ती पहिल्याच आठवड्यात लोकलमध्ये विसरले."

कराचीत पाऊस नसणं ही विमानांच्या इतिहासात मोठी गोष्ट ठरली. युरोपातून येणाऱ्या विमानाला हिंदुस्थानात शिरताना लागणारं पहिलं मोठं गाव कराची, आणि हवा कोरडी, आकाश मोकळं. ब्रिटिशांनी तिथे हवाई जहाजांसाठी (विमान नव्हे, वायू भरलेल्या प्रचंड फुग्यासारखी तरंगणारी एअरशिप) अवाढव्य हँगर बांधला. आर-१०१ नावाचं प्रचंड हवाई जहाज लंडनजवळून निघून इस्माइलियामार्गे कराचीला यायचं होतं. ते ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं, ४८ माणसं गेली आणि ब्रिटनने हवाई जहाजांचा नादच सोडला. हँगर मात्र कराचीत पुढची तीसेक वर्षं उभा होता. लोक त्याला काला छपरा म्हणत. ज्या पाहुण्यासाठी बांधला, तो काही कधी आला नाही.

हवाई जहाज आलं नाही, विमानं आली. इंपीरियल एअरवेजने १९२९ च्या मार्च महिन्यात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत टपाल आणायला सुरुवात केली. आठवडाभरात पत्र कराचीत. तिथून पुढे मुंबईला यायला मात्र रेल्वे, तीही जोधपूर, मारवाड, अहमदाबाद असा वळसा घेऊन. विलायतेहून उडत आलेलं पत्र शेवटच्या टप्प्यात गाडीच्या डब्यात रेंगाळायचं. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका माजी ब्रिटिश वैमानिकाला यात धंदा दिसला. ते टाटांकडे आले आणि तरुण जे. आर. डी. टाटांना ही कल्पना मनापासून पटली. जेआरडींना विमान चालवायचं वेड होतंच. १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांना मिळालेला परवाना हा हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिकाचा परवाना.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रीघ रोड विमानतळावरून पस मॉथ घेऊन निघाले. हे एक इंजिनाचं छोटं विमान, ताशी शंभरएक मैल वेगाचं. सोबत टपालाचे थैले, वजन सुमारे २५ किलो. विमानात रेडिओ नाही, खाली जमिनीवर वाट दाखवणारं काही नाही. स्लाइड रूल म्हणजे हिशेबाची सरकती पट्टी, नकाशा आणि खिडकीतून दिसणारा किनारा, एवढ्यावर दिशा ठरवायची. सरळ रेघेने मुंबईला येण्याइतकं पेट्रोल या विमानात मावत नव्हतं, म्हणून अहमदाबादला उतरावं लागलं. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून टाकी भरली. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. सव्वासात तास, मधला मुक्काम धरून. जुहूला व्हिन्सेंट दुसरं विमान घेऊन थांबले होते, ते टपाल घेऊन बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले.

अहमदाबादचा वळसा धरला तर जेआरडी सुमारे १,०३५ किलोमीटर उडाले. सरळ वाटेपेक्षा १६० किलोमीटर जास्त, आणि हे जास्तीचे किलोमीटर केवळ टाकीच्या आकारामुळे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण याच मार्गावरचे पुढचे वळसे टाकीमुळे पडलेले नाहीत.

जुहूचा विमानतळ म्हणजे तेव्हा समुद्राकाठची मातीची सपाट जागा आणि झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल व्हायचा, मग टाटांचा सगळा कारभार पुण्याला हलायचा. कराची-पुणे-मद्रास. मुंबईकरांची हवाई टपालसेवा चार महिने पुण्याहून चालायची, हे आजच्या पुणेकरांना कळलं तर ते विमानतळाच्या वादात हाही मुद्दा घालतील. आणखी एक गंमत म्हणजे मुंबईत तेव्हा सगळी घड्याळं एकमताने चालत नव्हती. 'बॉम्बे टाइम' हा भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि तो शहरात १९५५ पर्यंत टिकला. पाकिस्ताननेही पहिली काही वर्षं भारताचीच वेळ ठेवली होती. १९५१ मध्ये कराचीने आपलं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. म्हणून पुढे जेव्हा थेट विमानं होती, तेव्हा वेळापत्रकात मुंबईहून कराचीला जायला तासाभराच्या आसपास लागताना दिसायचं आणि परत यायला दोन तासांच्या.

याच काळातली दुसरी एक गोष्ट. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं की इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास एकट्याने, ठरलेल्या मुदतीत, जो हिंदुस्थानी माणूस विमानाने करील त्याला ५०० पौंड. दिशा कोणतीही चालेल. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले आणि अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा पारशी मुलगा लंडनहून कराचीकडे. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडले होते, विमानाचा स्पार्क प्लग गेला होता. जेआरडींनी स्वतःकडचा जादा प्लग त्यांना दिला. अस्पी कराचीला पोचले आणि स्पर्धा जिंकले, जेआरडी काही तासांनी मागे राहिले. हे अस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. स्पार्क प्लगची गोष्ट सगळ्यांना आवडते, खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून ती पुष्कळदा सांगितली जाते.

पुढचा भाग त्या मानाने कमी सांगितला जातो. अस्पींचे भाऊही हवाई दलात होते. त्यांतले जहांगीर इंजिनिअर निवृत्तीनंतर गुजरात सरकारचे वैमानिक झाले. १९ सप्टेंबर १९६५ रोजी, युद्ध सुरू असताना, ते मुख्यमंत्री बलवंतराय मेहतांना घेऊन मिठापूरहून कच्छच्या सीमेकडे निघाले. छोटं बीचक्राफ्ट विमान. कराचीहून उडालेल्या पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते अबडासा तालुक्यात सुथरी गावाजवळ पाडलं. मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी, पत्रकार, कर्मचारी, वैमानिक, सगळे गेले. मघाशी आपण जी रेघ मारली, सुथरी जवळजवळ तिच्यावरच आहे. एका भावाची शर्यत कराचीत पुरी झाली होती, दुसऱ्याच्या अंगावर विमान आलं ते कराचीहून. ते विमान चालवणारे कैस हुसेन यांनी २०११ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, जहांगीर इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. आपल्याला वरून हुकूम होता, असं त्यांचं म्हणणं. तिनेही त्या पत्राला समजूतदारपणे उत्तर दिलं. या पत्रव्यवहाराबद्दल मला अजून नक्की काय वाटतं ते सांगता येत नाही. चाळीसएक वर्षं एक माणूस ते मनात घेऊन फिरला हे खरं, आणि पत्राने कुणी परत येत नाही हेही खरं.

१९६५ नंतर ही वाट उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. १९७१ च्या जानेवारीत इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' विमान पळवून लाहोरला नेलं आणि जाळलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. कराची ते ढाका सरळ गेलं तर सुमारे २,३६० किलोमीटर, पण ते भारतावरून. त्यामुळे एकाच देशाच्या दोन भागांमधली विमानं श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली, जवळपास दुप्पट वाट. त्या वर्षअखेर तो देशच एक राहिला नाही. विमानसेवा १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ ला बंद, बरोबर दोन वर्षांनी १ जानेवारी २००४ ला चालू. त्यानंतर मुंबई-कराची मार्गावर पाकिस्तानी कंपनीची थोडीफार विमानं होती, गेल्या दशकात तीही थांबली. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश मिटलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. मग २०२५ चा एप्रिल, पहलगाम, आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी बंदी. ती महिन्या-महिन्याने वाढवत नेली गेली.

याचा फटका मुंबईला कमी बसतो, दिल्लीला जास्त. दिल्लीहून युरोपला जाणारं भारतीय विमान आधी खाली गुजरातकडे येतं, अरबी समुद्रावर जातं आणि मग पश्चिमेला वळतं. अमेरिकेहून दिल्लीला येणाऱ्या-जाणाऱ्या काही विमानांना मध्येच व्हिएन्नाला उतरून इंधन घ्यावं लागलं. ताश्कंद आणि अल्माटी ही तर दिल्लीची शेजारची गावं, पण तिथली इंडिगोची विमानं २०२५ मध्ये बंदच करावी लागली, कारण वळसा घालून तिथे पोचण्याइतका पल्ला त्या विमानांना नव्हता. बैलगाडीतून आलेल्या डब्यांनी जो प्रश्न १९३२ मध्ये सुटला, तो वेगळ्या कारणाने पुन्हा दारात.

आणि मुंबईहून कराचीला आज जायचंच असेल तर? व्हिसा मिळणं हा वेगळा अध्याय, तो इथे काढत नाही. समजा मिळाला. नेहमीची वाट दुबईवरून. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे १,१९०. बेरीज ३,१२० किलोमीटर. सरळ अंतराच्या साडेतीनपट. आकाशात पाच तास आणि दुबईत पुढचं विमान पटकन मिळालं तर दोन-सव्वादोन तास. म्हणजे सव्वासात तास. जेआरडींना अहमदाबादच्या बैलगाडीसकट लागले तेवढेच! पस मॉथचा वेग आजच्या जेटच्या पाचव्या भागाइतकाही नव्हता, तरी प्रवासाचा वेळ तोच. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला आणि मग मुलाला करायला लावला. तो म्हणाला, "बाबा, त्यात दुबईचं ड्युटी फ्री नव्हतं." नवीन पिढीला प्रगती कुठे मोजायची ते बरोबर कळतं.

जेआरडींनी स्वतः हा प्रवास पुन्हा दोनदा केला. १९६२ मध्ये तीस वर्षं झाली म्हणून आणि १९८२ मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून. दुसऱ्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. लेपर्ड मॉथ नावाचं तसंच जुनं विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला उतरले आणि जुहूला आले. म्हणजे दोन युद्धं होऊन गेल्यावरही, एका म्हाताऱ्या माणसाला हौसेने कराचीहून मुंबईला उडत येऊ द्यावं एवढी मोकळीक तेव्हा दोन्ही सरकारांकडे होती. १५ ऑक्टोबर २०२२ ला नव्वद वर्षं झाली. या वेळी विमान चालवलं आरोही पंडित या मुंबईच्या तरुण वैमानिकेने. हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ही मुलगी, तिला कराची-मुंबई म्हणजे काहीच नव्हतं. पण ती निघाली भूजहून. भूज, अहमदाबाद, जुहू. कराची ते भूज हा तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरचा तुकडा वगळून. निवड मात्र चांगली होती. भूजची धावपट्टी १९७१ च्या युद्धात बाँबनी फुटली, तेव्हा शेजारच्या माधापर गावातल्या तीनशे बायकांनी तीन दिवसांत ती दुरुस्त करून दिली होती.

एवढं सगळं वाचून असं वाटेल की या दोन विमानतळांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही. प्रत्यक्षात ते रोज बोलतात. आकाशाचे विभाग पाडलेले असतात, त्यांना एफआयआर म्हणतात (पोलिसांचा नव्हे), आणि कराचीचा विभाग मुंबईच्या विभागाला चिकटून आहे. बंदी आहे ती एकमेकांच्या विमानांना. जर्मन, ब्रिटिश, अरबी विमानं दोन्हीकडून जाऊ शकतात. असं एखादं विमान कराचीच्या हद्दीतून मुंबईच्या हद्दीत शिरायच्या आधी कराचीचा नियंत्रक मुंबईच्या नियंत्रकाला कळवतो की अमुक विमान, अमुक उंचीवर, अमुक वेळेला तुमच्या सीमेवर येतंय. मुंबईचा होकार आला की वैमानिकाला नवी फ्रिक्वेन्सी दिली जाते. युद्ध असो, बंदी असो, हे काम कुणाला तरी करावंच लागतं, कारण वर शेकडो माणसं बसलेली असतात आणि त्यांना यातलं काही ठाऊक नसतं.

मी स्वतः एकदा युरोपातून येताना अशा विमानात होतो. समोरच्या पडद्यावर नकाशा चालू होता, शेजारी नाशिकचे एक काका, मुलीकडे तीन महिने राहून परतणारे. विमानाचं चित्र कराचीच्या ठिपक्याशी आलं तेव्हा खाली 'उरलेलं अंतर' नऊशेच्या आत होतं. काकांनी चष्मा वर करून ते नीट वाचलं.

"कराची? मग आलंच की हो घर." आणि त्यांनी बूट शोधायला सुरुवात केली.

"अजून सव्वा तास आहे, काका."

"असू द्या," ते सीटखाली वाकत म्हणाले, "मला नाशिकला पोचायला यापेक्षा जास्त लागणार आहे."